पंडित सरांची दुसरी इनिंग

माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला.

मागच्या महिन्यात मेसमध्ये मी सहज म्हणालो की बी.ई. झाल्यावर एम.टेक. करून शिकवायचा विचार आहे. टेबलावर हशा! "का रे, कॅम्पसला बसायची भीती वाटते?" घिवलीला घरी फोन केला तर तेच, फक्त हशा नव्हता. बाबा बोईसरच्या एमआयडीसीत शिफ्ट करतात. म्हणाले, "ज्याला दुसरं काही जमत नाही तो मास्तर होतो."

मला तेव्हा चंद्रकांत पंडित आठवले. आचरेकर सरांचे शिष्य, मुंबईचे विकेटकीपर. १९८६ मध्ये लीड्सला पहिली टेस्ट खेळले, पण किरण मोरे असताना जागा काही पक्की झाली नाही. एकूण टेस्ट ५, वनडे ३६. १९८७ च्या वर्ल्ड कपची सेमीफायनल वानखेडेवर खेळायला मिळाली, तीही वेंगसरकर आजारी पडले म्हणून.

पुढे ते मध्य प्रदेशकडे गेले. १९९९ ची रणजी फायनल, बंगळूरचं चिन्नास्वामी स्टेडियम, कॅप्टन पंडित. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी, म्हणजे नुसती ड्रॉ केली असती तरी करंडक त्यांचा. पण शेवटच्या दिवशी सगळी टीम १५० मध्ये गुंडाळली आणि कर्नाटक ९६ धावांनी जिंकलं. विचार करा, सबमिशनच्या आदल्या रात्री हार्ड डिस्क उडावी तसं!

बाबांच्या हिशेबाने इथे गोष्ट संपायला हवी. पण कोच म्हणून त्यांनी मुंबईला २००३ आणि २००४ मध्ये रणजी जिंकून दिली. २०१६ ला पुन्हा. त्या टीमचा कॅप्टन आदित्य तरे आणि फायनलला दुसऱ्या डावात ५ बळी घेणारा शार्दुल ठाकूर, दोघेही आपल्या पालघरचे. (हे मी हॉस्टेलवर दर आठवड्याला सांगतो, सगळे वैतागलेत.) मग विदर्भ. जी टीम आधी कधी फायनललाही पोचली नव्हती ती २०१८ आणि २०१९, लागोपाठ दोनदा चॅम्पियन. आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेश, तेच चिन्नास्वामी, समोर मुंबई. ६ विकेट्सने जिंकले. २३ वर्षांनी पंडित सर त्याच मैदानावर रडले.

त्यांची शिस्त सगळ्यांना झेपत नाही हेही खरं. कोलकात्याच्या आयपीएल टीममध्ये परदेशी खेळाडूंना ती जाचली, असं डेव्हिड वीजने उघडपणे सांगितलं. मलाही असे सर मिळाले तर पहिल्याच आठवड्यात मी प्रॉक्सी शोधीन.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. जिंकत आलेली मॅच कुठल्या तासाला हातातून सुटते, हे ज्याच्या हातून सुटली त्याला जास्त कळतं. मला एम-थ्रीत केटी लागली होती. लाप्लासमध्ये कुठे घसरायला होतं ते मी आमच्या टॉपरपेक्षा चांगलं सांगू शकतो, कारण टॉपर तिथे कधी घसरलाच नाही. गेल्या सेमला दोन ज्युनिअर्सना शिकवलं, दोघंही सुटले. बाबांना अजून सांगितलं नाही, दिवाळीला घरी गेलो की सांगेन.

तोवर ज्यांची एम-थ्री राहिलीय त्यांनी शनिवारी जेवणानंतर मेसमध्येच थांबा. कॅल्क्युलेटर आपापला आणा.