सायकलची वाट राखा

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, आरावीमार्गे श्रीवर्धनला जाणारा रस्ता सकाळी सातला पाहावा. एका हाताला डोंगर, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये एखादी एसटी. पुढे बागमांडल्याला सायकल फेरीबोटीत चढवली की बाणकोटची खाडी ओलांडून माणूस वेश्वीला, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यात उतरतो. दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड ही तशीच आणखी दोन तरींची ठिकाणं. अवजड वाहतूक राष्ट्रीय महामार्ग ६६ वरून जाते, म्हणून किनाऱ्याची ही वाट अजून शांत आहे.

कोकण किनाऱ्याने होणाऱ्या रेवस ते रेडी सागरी महामार्गामुळे हे चित्र बदलेल. खाड्यांवर पूल हवेतच; रात्री रुग्ण घेऊन पैलतीर गाठण्यासाठी बोटीची वाट पाहणाऱ्याला ते आधी विचारा. पण पुलावर सायकलसाठी वेगळी, कठड्याआडची पट्टी आराखड्यातच असली पाहिजे, कारण नंतर ती जोडणं खर्चाचं. जिथे नवा रस्ता गावाबाहेरून जाईल, तिथे नारळी-पोफळीतून जाणारा जुना अरुंद रस्ता रुंद न करता तसाच राखावा, वेग ताशी ३० किलोमीटरवर बांधावा आणि पूल झाल्यावरही फेरीबोट बंद करू नये.

याच वाटेवरचा, रत्नागिरीजवळच्या आरे-वारेचा चढ दमवतो. दमलेला सायकलस्वार गावात थांबतो, कोकम सरबत पितो, घरगुती खानावळीत जेवतो, मुक्काम करतो. भरधाव मोटार त्याच गावाला फक्त धूळ देऊन जाते. हा महामार्ग बांधणाऱ्या महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने आराखडे पक्के होण्याआधी या गावांच्या ग्रामसभांसमोर ठेवावेत.