काचेची पोलीस चौकी

मुलांनो, आमच्या शाळेच्या मागे एक चिंचेचं झाड आहे. त्या झाडावरून मागच्या महिन्यात आमच्या चौथीच्या वर्गात मोठी भानगड झाली.

मी काही कामासाठी वर्गाबाहेर गेले की मॉनिटर बोलणाऱ्या मुलांची नावं फळ्यावर लिहितो. तुमच्याही वर्गात असंच असेल. आमच्या मॉनिटरने काय केलं, तर नाव पुसायचा दर ठरवून टाकला! चार चिंचा दिल्या की नाव पुसलं. चिंच गाभुळलेली असली तर दोनच पुरे. हे किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मला कळलं ते एका मुलीच्या रडण्यावरून. ती म्हणाली, "बाई, सगळेच बोलतात. पण मला झाडावर चढता येत नाही, म्हणून रोज माझंच नाव राहतं."

झालं! जुना मॉनिटर गेला, नवा निवडायचं ठरलं. दोघं उभे राहिले. त्यातला एक जण टेबलाजवळ येऊन ठसक्यात म्हणाला, "मी निवडून आलो तर एकही चिंच घेणार नाही!" टाळ्यांचा कडकडाट झाला. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, माझे आजोबा म्हणतात, निवडणुकीच्या आधी सगळेच पुढारी असं बोलतात. निवडून आल्यावर खरंच कुणी करतं का हो?"

खरं सांगते, माझ्याजवळ उत्तर तयार नव्हतं. "उद्या सांगते," म्हणून मी वेळ मारून नेली. मग घरी बसून शोधाशोध केली, वाचन केलं आणि दुसऱ्या दिवशी जगाचा नकाशा घेऊन वर्गात गेले. तीच गोष्ट आज तुम्हाला सांगते.

नकाशात काळा समुद्र शोधा. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर, उत्तरेला रशिया आणि दक्षिणेला तुर्कस्तान यांच्यामध्ये एक चिमुकला देश दिसेल. त्याचं नाव जॉर्जिया. (अमेरिकेत याच नावाचं एक राज्य आहे, ते वेगळं बरं का!) आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. राजधानी तिबिलिसी. १९९१ साली तो सोव्हिएत संघातून वेगळा होऊन स्वतंत्र झाला.

पुढची दहा-बारा वर्षं मात्र तिथल्या लोकांचे फार हाल झाले. कडाक्याच्या थंडीत दिवसातले कितीतरी तास वीज नसायची. आणि लाच? ती तर पावलोपावली. पासपोर्टला लाच, गाडी चालवायच्या परवान्याला लाच, कॉलेजच्या प्रवेशाला लाच. रस्त्यावर वाहतूक पोलीस हातातली पट्टेरी काठी पुढे करायचा, गाडी थांबवायचा आणि काही चूक नसली तरी पैसे घेतल्याशिवाय सोडायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, पोलीस वाईट होते. थांबा जरा. त्या पोलिसाला पगार इतका थोडा होता की त्यात घर चालणं शक्य नव्हतं. शिवाय ती नोकरी मिळवायलाच त्याने वरच्याला भरपूर पैसे मोजलेले असायचे. रोजच्या कमाईतला वाटाही वर पोचवावा लागायचा. म्हणजे रस्त्यावरच्या माणसाने दिलेली नोट जिना चढत चढत वरपर्यंत जायची. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनल नावाची संस्था आहे. कोणत्या देशात सरकारी भ्रष्टाचार किती आहे, याबद्दल जाणकारांची मतं गोळा करून ती दरवर्षी एक यादी काढते. २००३ च्या यादीत १३३ देश होते. जॉर्जियाचा नंबर होता १२४ वा.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये तिथे निवडणूक झाली. मतमोजणीत लबाडी झाली म्हणून लोक रस्त्यावर उतरले. पुढे होते मिखाईल साकाशविली, वय अवघं ३५, शिक्षणाने वकील. ते आधी सरकारात मंत्री होते, पण भ्रष्टाचाराला कंटाळून २००१ साली राजीनामा देऊन बाहेर पडले होते. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी हातात गुलाबाची फुलं घेऊन संसदेत प्रवेश केला. दुसऱ्या दिवशी, २३ नोव्हेंबरला, राष्ट्राध्यक्ष शेवर्दनात्झे पायउतार झाले. गोळी चालली नाही, रक्त सांडलं नाही. म्हणून याला 'गुलाब क्रांती' म्हणतात.

जानेवारी २००४ मध्ये नव्याने निवडणूक झाली. साकाशविलींना शंभरातली शहाण्णव मतं मिळाली. (मी शिक्षिका आहे, शंभरात शहाण्णव दिसले की मला पेपर पुन्हा तपासावासा वाटतो! पण लोक खरोखरच कावले होते.) वचन एकच, लाचखोरी संपवणार.

मग त्यांनी काय केलं? त्याच वर्षी वाहतूक पोलिसांचं अख्खं खातंच बरखास्त केलं! सुमारे सोळा हजार माणसं घरी गेली. काही आठवडे रस्त्यांवर वाहतूक पोलीसच नव्हता. लोकांना वाटलं, आता रोज टकरी होणार. तसं काही झालं नाही. मग नवी भरती झाली. परीक्षा घेऊन तरुण मुलं-मुली निवडली, त्यांना शिकवलं, नवे गणवेश आणि नव्या गाड्या दिल्या, आणि पगार आधीच्या कित्येक पट केला. सुरुवातीला त्यासाठी परदेशांतूनही मदत मिळाली. नुसता पगार वाढवून थांबले नाहीत. साध्या वेशातले अधिकारी गुपचूप पाहणी करत, कोणी पैसे घेताना सापडला की नोकरी गेलीच. आणि पोलीस चौक्या बांधल्या त्या चक्क काचेच्या! रस्त्याने जाणाऱ्याला आत कोण काय करतंय ते दिसावं म्हणून.

"बाई, दगड मारला तर?" आमच्या वर्गातून लगेच प्रश्न आला. काय करणार, चौथीचा वर्ग!

पण तुम्हाला सर्वांत आवडेल ती परीक्षेची गोष्ट. पूर्वी तिथल्या कॉलेजात चांगल्या विषयाला प्रवेश हवा असेल तर आईवडिलांना पैसे चारावे लागत. हुशार पण गरीब मूल बाहेर, आणि पैसेवाल्याचं आत. २००५ साली सरकारने साऱ्या देशासाठी एकच प्रवेश परीक्षा सुरू केली. प्रश्नपत्रिका देशात छापल्या तर फुटतील, म्हणून छापून आणल्या थेट इंग्लंडमधून! त्या सीलबंद खोक्यांतून कडक पहाऱ्यात आल्या. परीक्षेच्या खोल्यांत कॅमेरे बसवले आणि बाहेर ताटकळणाऱ्या आईबाबांसाठी पडदे लावले. आपलं मूल पेपर लिहितंय हे त्यांना बाहेर बसून दिसत होतं, आणि दुसऱ्याचं मूलही तसंच लिहितंय हेही दिसत होतं. त्या दिवशी खेड्यातल्या एखाद्या बापाला काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मुलगा पास होवो की नापास, तो स्वतःच्या अकलेने होणार, एवढी खात्री त्याला पहिल्यांदा मिळाली असेल.

२०१२ च्या यादीत जॉर्जिया १७६ देशांत ५१ वा आला. नऊ वर्षांत एवढी मजल.

वर्गात सगळे खूश. "म्हणजे करतात, बाई!" नवा मॉनिटर तर छाती पुढे काढून बसला. आणि तेवढ्यात एकाने विचारलं, "बाई, तुम्ही कधी लाच दिलीय का?"

मी म्हणाले, "चला, गणिताच्या वह्या काढा."

मुलांनो, वर्गात मी ते टाळलं. इथे लिहिते. वडील गेल्यावर घराच्या कागदावर आईचं नाव लावायला मी एका कार्यालयात खेपा घालत होते. दर खेपेला नवा कागद कमी पडायचा. माझी रजा संपत आली. शेवटी तिथल्या एका माणसाने हळूच सांगितलं, "चहापाण्याचं बघा." मी पाचशे रुपये दिले. दुसऱ्या दिवशी काम झालं. लाच मागितली तर तक्रार करायचा १०६४ हा नंबर तिथल्याच भिंतीवर लिहिलेला होता. मी त्याच भिंतीला टेकून उभी होते. पालकहो, तुमच्यापैकी कितीजण माझ्यासारखे त्या भिंतीला टेकून उभे राहिलात, ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. मला आजही वाईट वाटतं ते पैशांचं नाही. माझ्या मागे रांगेत एक म्हातारी होती. तिच्या हातातही तसलाच कागद होता. चिंचा काढता न येणारी ती मुलगी रडली, तेव्हा मला आधी ती म्हातारी आठवली.

असो. जॉर्जियाची गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं. पण अर्धी गोष्ट सांगणं म्हणजेही लबाडीच, म्हणून दुसऱ्या दिवशी उरलेली सांगितली.

साकाशविलींना सगळ्याचीच घाई होती. जुने मंत्री, श्रीमंत व्यापारी यांना पकडलं. त्यातल्या कित्येकांना सरकारी तिजोरीत पैसे भरायला लावून सोडून दिलं. रीतसर खटला, साक्षीपुरावे यांत वेळ कोण घालवणार! पुढे पुढे तर कोर्टात गेलेला माणूस निर्दोष सुटणं ही नवलाची गोष्ट झाली. तुरुंगातल्या कैद्यांची संख्या जवळजवळ चौपट झाली. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये लोक निषेध करायला जमले, तर त्यांच्यावर अश्रुधूर आणि रबरी गोळ्या सोडल्या. विरोधकांची बाजू दाखवणाऱ्या टीव्ही केंद्रात पोलीस घुसले आणि प्रक्षेपण बंद पडलं. काच बसवली ती पोलीस चौकीला, तुरुंगाला नव्हे. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या छळाची चित्रं टीव्हीवर आली आणि देश हादरला. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. दोनच आठवड्यांनी, १ ऑक्टोबरला, निवडणूक होती. साकाशविलींचा पक्ष हरला.

हरल्यावर त्यांनी हार मान्य केली, हेही सांगायला हवं. स्वतंत्र झाल्यापासून त्या देशात मतपेटीतून शांतपणे सरकार बदललं ते तेव्हाच. २०१३ साली त्यांची मुदत संपली, ते देश सोडून गेले. २०२१ मध्ये परतले आणि त्यांना अटक झाली. २०२५ मध्ये त्यांना नऊ वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली. आरोप काय, तर सरकारी पैसा स्वतःच्या चैनीवर उधळल्याचा! ते म्हणतात, हा राजकीय सूड आहे. नव्या सरकारमागेही देशातला एक अतिश्रीमंत माणूस आहे आणि पद नसतानाही सारी सूत्रं तोच हलवतो, असं टीकाकार म्हणतात. रस्त्यावरची काठीवाली लाच मात्र पूर्वीसारखी परत आली नाही.

आजोबांच्या नातवाला मी माझं मत सांगितलं. नेत्याने मनावर घेतलं तर खिडकीवरची लाच थांबते, आणि आपण समजतो त्याहून फार लवकर थांबते. "सगळेच बोलतात, कुणी करत नाही" असं म्हणून हातावर हात ठेवून बसायला कारण नाही. पण दुसऱ्यांवर नजर ठेवणाऱ्या नेत्यावर कुणाची नजर? ते काम त्याचं त्याला करता येत नाही. ते कोर्टाने, वर्तमानपत्राने आणि विरोधकांनी करायचं, आणि नेमकं तेच त्याला अडचणीचं वाटायला लागतं. त्याचा हेतू चांगला असला तरी वाटतं. कदाचित हेतू चांगला असला की जास्तच!

हे मी पुस्तकातलं बोलत नाही. आमचा नवा मॉनिटर बघा ना. त्याने वचन पाळलं, एकही चिंच घेतली नाही. पण आठवड्याभरात फळा नावांनी भरायला लागला. शेजाऱ्याकडे रबर मागितलं की नाव. शिंक आली की नाव. त्या मुलीने विचारलं, "मी कुठे बोलले?" तर तिच्या नावापुढे दोन फुल्या! मी त्याला जाब विचारला. तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "पण बाई, मी चिंचा घेतल्या नाहीत!"

मग तीच मुलगी म्हणाली, "बाई, मॉनिटर चुकला तर त्याचं नाव कोण लिहिणार?"

आता फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात एक चौकट आखली आहे आणि खाली खडूचा तुकडा ठेवला आहे. चुकणाऱ्या मॉनिटरचं नाव तिथे कुणीही लिहावं, मात्र काय चुकलं तेही लिहावं. पहिल्या दिवशी त्याचं नाव सात वेळा आलं. चौकशी केली तर त्यातल्या चार तक्रारी निव्वळ खोट्या निघाल्या. लिहिणाऱ्यांत जुना मॉनिटर होता! दुसऱ्या दिवशी खडूच नाहीसा झाला. तिसऱ्या दिवशी दोघांची जुंपली आणि माझा परिसर अभ्यासाचा तास बुडाला. आता जरा बरं चाललंय.

परवा मी वर्गात आले तर टेबलावर दोन गाभुळलेल्या चिंचा ठेवलेल्या. वास असा सुटला होता की राहवेना. मी पटकन एक तोंडात टाकली, बोटं पुसली आणि तारीख घालायला फळ्याकडे वळले. डाव्या कोपऱ्यातल्या चौकटीत कुणीतरी माझंच नाव लिहून ठेवलं होतं.