मोबिल कोणतं टाकायचं?

बुढापाऱ्यातल्या कुठल्याही गॅरेजसमोर पाच मिनिटं थांबा, ‘भैया, मोबिल बदल दो’ ऐकू येईलच. मोबिल हे खरं तर एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे इंजिन ऑइल म्हणजे मोबिल. त्यावर मेकॅनिकचा प्रश्न ठरलेला असतो: साधं की सिंथेटिक? सिंथेटिकची किंमत साधारण दुप्पट, म्हणून महिन्याचा हिशेब सांभाळणारा माणूस तिथे अडतो.

साधं, म्हणजे मिनरल ऑइल, कच्च्या तेलातून शुद्ध करून काढतात. त्यात लहानमोठे सगळ्या प्रकारचे रेणू असतात. सिंथेटिकमध्ये ते बरेचसे एकसारखे असतात, त्यामुळे ते उष्णतेत कमी उडतं आणि उशिरा खराब होतं. गंमत म्हणजे कच्च्या तेलावरच जोरदार प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणतात. त्यावर मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली होती. १९९९ साली अमेरिकेतल्या जाहिरात-तक्रार मंडळाने कॅस्ट्रॉलच्या बाजूने कौल दिला. तेव्हा डब्यावरच्या मोठ्या अक्षरांवर फार जाऊ नका. बारीक अक्षरं वाचा.

त्यात ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ आहे का ते आधी बघा. बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटवर गेली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. घरात कारचं अर्धा लिटर उरलंय म्हणून ते बाइकमध्ये ओतणं महागात पडतं. ‘एमबी’ गिअर नसलेल्या स्कूटरसाठी. तेही बाइकमध्ये नको.

मग १०डब्ल्यू-३० वगैरे आकडे. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या पातळपणाचा, नंतरचा १०० अंशांवरच्या घट्टपणाचा. रायपुरात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो म्हणून काही जण आपल्या मनाने घट्ट ऑइल टाकतात. पण इंजिनाच्या आत तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं, आणि कंपनीने ते धरूनच आकडा ठरवलेला असतो. पुस्तिकेत आहे तोच घ्या.

आता पैशांचं. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी, घर ते सदर बाजार, जयस्तंभ चौक आणि परत, एवढंच फिरणं असेल तर चांगलं मिनरल पुरतं. अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही, ऑइलमध्ये पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश साचत राहतो. तिथे सिंथेटिक टाकून वर्षभर विसरून जाण्यापेक्षा मिनरल वेळेवर बदललेलं बरं. किलोमीटर झाले नसले तरी पुस्तिकेतले महिने पाळा. उलट रोज उरला-सिलतऱ्यापर्यंत कामाला जाणं, मागे माणूस, उन्हात ट्रकांमागे रखडणं, किंवा मोठी जोरकस गाडी, अशा वेळी सिंथेटिकचे जादा पैसे वसूल होतात. मधला सेमी-सिंथेटिकही आहे. रॉयल एनफील्ड आपल्या ३५० सीसी गाड्यांना तोच सांगते. त्या कारखानदारीच्या धुळीत एअर फिल्टर साफ नसेल तर मात्र कुठलंच ऑइल फार टिकत नाही.

ऑइल काळं पडलं म्हणून घाबरू नका, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. कमी झालं तर मात्र घाबरा. कोरड्या इंजिनाचा पिस्टन जाम झाला की एका फटक्यात काही हजार जातात. पंधरवड्यातून एकदा गाडी मेन स्टँडवर घ्या, थोडा वेळ चालवून बंद करा, दोन-तीन मिनिटांनी मापाची पट्टी पुसून बुडवा. बऱ्याच गाड्यांत ती आटे न आवळता नुसती टेकवायची असते. दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की झालं.

डबा समोर फोडून घ्या आणि रिकामा झाल्यावर त्याला भोक पाडा, कारण चांगल्या कंपनीच्या रिकाम्या डब्यात भलतंच भरून विकणारे आहेत. जुनं काळं ऑइल गॅरेजवाल्याच्या पिंपातच जाऊ द्या. घरी बदलत असाल तर बाटलीत भरून त्याला नेऊन द्या, नालीत ओतू नका. बुढा तालाब इथून हाकेच्या अंतरावर आहे.