असईचा पराभव आणि फितुरीची सबब

असईचं नाव काढलं की आमच्याकडे उत्तर तयार असतं : 'फितुरी झाली, नाहीतर इंग्रज कसले जिंकतात!' २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्याच जालना जिल्ह्यात, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं. त्याची चिकित्सा करू पाहणारा मात्र लगेच इंग्रजांचा भाट ठरतो. इतिहासकार शेजवलकरांनी पानिपताची चिरफाड केली, ते काय मराठ्यांचे वैरी होते?

फितुरी मुळीच नव्हती असं नाही. नोकरी सोडा, असा ईस्ट इंडिया कंपनीचा जाहीरनामा निघताच शिंद्यांच्या कवायती पलटणींतले इंग्रज अधिकारी निघून गेले. पण पलटणी त्यांच्या हाती दिल्या कोणी? असईलाही सूत्रं पोलमन नावाच्या जर्मनाकडेच होती. घोडदळ फारसं लढलं नाही. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले, दोघांनीही मैदान सोडलं. केळनेला उतार नाही, असं वाटाडे वेलस्लीला सांगत होते. त्याने दोन काठांवर समोरासमोर वसलेली दोन गावं पाहिली आणि ताडलं, मध्ये उतार असणारच. तो होता, आणि आपण त्यावर पहारा ठेवला नव्हता. यात फितूर कोण?

आणि होळकर? बाजीराव पेशव्याने यशवंतरावांचे भाऊ विठोजी यांना पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, त्याचं उट्टं यशवंतरावांनी ऑक्टोबर १८०२मध्ये हडपसरच्या लढाईत काढलं. बाजीराव पळाला आणि वसईला तह करून कंपनीची फौज घेऊन परतला. पुढच्या वर्षी शिंदे लढत असताना यशवंतराव बाजूला राहिले. असईच्या दिवशी तर केळनेच्या दक्षिण काठावर, कंपनीच्या बाजूने, खुद्द पेशव्यांचं घोडदळ उभं होतं!

'हा तर इंग्रजांनी लिहिलेला इतिहास', हा दुसरा आक्षेप. जेत्यांचे कागद चाळूनच घ्यावेत, मान्य. हायलँडर पलटणींचे गोडवे त्यांत आहेत, तितके मद्रासी शिपायांचे नाहीत. पण त्याच कागदांत शिंद्यांचे गोलंदाजही आहेत. ते तोफांपाशी अखेरपर्यंत उभे राहिले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडले, शत्रूची रांग पुढे सरकताच उठले आणि तोफा फिरवून तिच्या पाठीवर मारा केला. कंपनीची दीड हजारांवर माणसं मेली वा जखमी झाली. एवढं खरं मानायचं आणि सरदारांचं अपयश तेवढं खोटं, हा कुठला न्याय?

फितुरीची सबब सरदारांना वाचवते आणि या गोलंदाजांना पुसून टाकते. सगळं आधीच विकलं गेलं होतं म्हटलं, की तोफेला चिकटून मेलेल्यांचं काय उरतं? मराठी माणसाने असईचा अभिमान जरूर बाळगावा, पण तो त्यांचा. जिल्ह्यातल्या शाळांनी येत्या २३ सप्टेंबरला मुलांना असईला न्यावं. गोलंदाज कसे लढले ते सांगावं, आणि त्या वेळी दौलतराव कुठे होते, तेही सांगावं.