भिंगाचा दोष कीं हाताचा?

गेल्या वैशाखांत आमच्या घरीं धाकट्या पुतण्याच्या थोरल्या मुलाची मुंज झाली. त्या दिवशींचीं छायाचित्रें पाहण्यास पुढच्या रविवारीं, जेवणें आटोपल्यावर, सारें घर माजघरांत जमलें. शें-दीडशें चित्रें होतीं. मांडव, पंगत, बटूच्या मामांचें फेटा सांवरणें, सर्व उत्तम उतरलें होतें. पण मातृभोजनाचें चित्र आलें आणि बोलणें थांबलें. आईचा हात व बटूचें तोंड यांच्या जागीं धुरकट पट्टे तेवढे दिसत होते. बटूची आई कांहीं बोलली नाहीं. ताक आणतें म्हणून ती उठून आंत गेली. हा प्रसंग मुलाच्या आयुष्यांत एकदांच येतो, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच.

चित्रें काढणारा आमचा थोरला पुतण्या. त्यानें दोष तत्काळ भिंगावर टाकला. “काका, हें भिंग अंधारांत कामाचें नाहीं. एफ २.८ चें घेतलें पाहिजे.” किंमत विचारतां त्यानें जो आंकडा सांगितला, त्यांत आमच्या मास्तरकीच्या पहिल्या कांहीं वर्षांचा पगार सहज मावला असता. इतक्यांत नात म्हणाली, “माझ्या मोबाईलवर तर चांगलीं आलीं आहेत.” आलीं होतीं खरीं, पण तीं भिक्षावळीचीं, भर उजेडांत ओटीवर काढलेलीं.

वाद वाढला तेव्हां आम्ही चष्मा चढवून मध्यें पडलों. हा विषय आम्हांस अगदींच परका नाहीं. शाळेंत शिकत असतांना आमच्यापाशीं आग्फा क्लिक थ्री ही पेटी होती. एका फिल्मवर बारा चौरस चित्रें निघत. त्यांतलीं चार धड आलीं तरी आम्ही धन्यता मानीत असूं. त्या पेटीवर फिरवण्याजोगें फारसें कांहीं नव्हतें, त्यामुळें चूक झाली कीं दोष द्यावयास आपल्याशिवाय दुसरें कोणी सांपडत नसे.

भिंगाच्या छिद्राचे आंकडे उलटे चालतात. २.८, ४, ५.६, ८ अशा पायऱ्या असून दर पायरीस प्रकाश निम्मा होतो. पुतण्याचें भिंग दूरचें चित्र जवळ ओढतांना ५.६ च्या पलीकडे उघडत नाहीं. २.८ चें भिंग चौपट प्रकाश आंत घेतें. म्हणजे सेकंदाच्या १५ व्या भागाऐवजीं ६० वा भाग पुरला असता, आणि घास भरवणारा हात पुष्कळ स्थिर उतरला असता. पुतण्याचें म्हणणें खोटें नव्हतें, हें आम्हीं भर सभेंत कबूल केलें. पण त्यानें आयएसओ ४०० वरच ठेवला होता, हेंही त्याच कॅमेऱ्यानें चित्रासोबत नोंदवून ठेवलें होतें! १६०० केला असता तर तोच चौपट लाभ फुकट मिळता. असें कां केलें? तर चित्रांत दाणे दिसतात म्हणून. “मग दाणे नसलेला धूर बरा वाटतो का?” असें नातीनें विचारलें. आम्हीं तिला डोळ्यांनीं दटावलें.

दुसऱ्या दिवशीं त्याच वेळीं आम्हीं प्रयोग करविला. माजघराच्या मधोमध पाट मांडला तों कॅमेरा तोच १५ वा भाग मागूं लागला. पाट परसदाराशीं सरकविला, तेव्हां १२५ वा भाग पुरे झाला. आठपट प्रकाश, तोही बिनखर्चाचा. फोटोग्राफी हें नांव हर्शेल यांनीं १८३९ सालीं रूढ केलें, त्याचा अर्थ प्रकाशानें लिहिणें. मराठींत आपण छायाचित्र म्हणतों. आमच्या घरचें चित्र नांवाला जागून छायेंतच राहिलें होतें.

साधनास तुच्छ लेखणारांपैकीं आम्ही नव्हें. दादासाहेब फाळके यांनीं १९१२ सालीं लंडन गांठून विल्यमसन कॅमेरा आणला, तो साधनावांचून अडलें म्हणूनच. पण आणल्यावर त्यांनीं आरंभींच कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचीं चित्रें धीरानें टिपलीं, आणि पडद्यावर रोप भराभर वाढलेलें लोकांनीं पाहिलें. गोध्र्यास फोटोग्राफीचा धंदा करून त्यांचा हात आधींच तयार झाला होता, ही गोष्ट बहुतेक विसरली जाते.

शेवटीं असें ठरलें कीं भिंग विकत न घेतां एका दिवसापुरतें भाड्यानें आणावें. धाकट्याची मुंज पुढच्या वैशाखांत आहे. गुरुजींस विचारतां ते म्हणाले, “पाट परसदाराशीं मांडा, माझी हरकत नाहीं. बटू पूर्वेस तोंड करून बसला म्हणजे झालें.” आम्ही समाधान पावलों.

तोंच बटूची आई म्हणाली, “आणि थोरल्याचें?”

यावर आम्हांस कांहीं सुचलें नाहीं, पुतण्याही मान खालीं घालून बसला. नात मोबाईल चाळीत होती. तिनें एक चित्र पुढें केलें. मातृभोजन आटोपल्यावर परसदारीं आई बटूचें तुपानें माखलेलें तोंड पदरानें पुसते आहे. चित्र थोडें कलतें आहे आणि बटूचा अर्धा चेहरा पदराआड गेला आहे. तें आम्हीं चौकट करवून ओटीवर लावलें आहे. चौकटीचे पैसे पुतण्यानें दिले.