नाचणाऱ्या बाईचे नाव



गेल्या हिवाळ्यात अमरावतीच्या एका सांस्कृतिक महोत्सवाला गेले होते. पाहुण्यांना वाजतगाजत मंडपापर्यंत आणायला कोरकू बायांचे पथक होते. मेळघाटातून उठवून अकोट तालुक्यात वसवलेल्या गावांतल्या या बाया दुपारी तीनपासून उन्हात उभ्या. पाहुणे आले साडेसहाला. पत्रिकेवर गायकाचे, निवेदकाचे, लाउडस्पीकरवाल्याचेसुद्धा नाव. यांच्यासाठी दोनच शब्द, ‘आदिवासी नृत्य’. मानधनाचे पाकीट सोबतच्या पुरुषाच्या हाती गेले. एकीला नाव विचारले तर हसली. म्हणाली, “आमचं नाव कोन इचारते, ताई? नाचा म्हनलं का नाचतो.”

अशा कार्यक्रमांत आपण सगळ्याच टाळ्या वाजवून आलो आहोत. मीही.

त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या शहराविषयी वाचत होते. शहर कसले, आपल्या अचलपूरच्या पाव हिश्श्याएवढी वस्ती आणि चहूकडे वाळवंट. तिथे 1991 पासून ‘डेझर्ट मॉब’ हे आदिवासी कलेचे वार्षिक प्रदर्शन भरते. चित्रे येतात ती वस्त्यांवरच्या कलाकेंद्रांतून, आणि ही केंद्रे आदिवासींच्याच मालकीची. चित्राबरोबर ते काढणारीचे नाव असते. याच भागातल्या आदिवासी बायांच्या गायनवृंदाने 2015 मध्ये जर्मनीचा दौरा केला. पूर्वी जर्मन मिशनऱ्यांनी शिकवलेली स्तोत्रे त्यांनी जर्मनांनाच आपल्या भाषेत ऐकवली. मला ही गोष्ट फार आवडली.

पण त्याहून मोठी गोष्ट तिथून जवळच्या युटोपियातल्या बायांची आहे. 1977 च्या सुमारास त्या बाटिक शिकल्या. त्यांच्या बापजाद्यांची जमीन गोऱ्यांच्या गुरांच्या कुरणात गेलेली. 1976 च्या जमीन हक्क कायद्याखाली तिच्यासाठी दावा लागला, तेव्हा सुनावणीत बायांनी आपली गाणी, नाच आणि अंगावर काढायची नक्षी पुराव्यादाखल मांडली. दावा जिंकला. एमिली कामे उंगवारे त्यांच्यातलीच. कॅनव्हासवर रंगवू लागली ती सत्तरी उलटल्यावर. 1996 मध्ये ती वारली आणि पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या जागतिक कलामेळ्यात ऑस्ट्रेलियाच्या दालनात तिच्यासह तीन आदिवासी बायांचे काम होते.

तिथेही सगळे गोड नाही. एमिलीच्या मागे दलालांची रांग असे. 2007 मध्ये तिचे एक चित्र दहा लाख डॉलरच्या वर विकले गेले. आदिवासी कलाकारांच्या लुबाडणुकीची दखल सिनेटच्या चौकशीला घ्यावी लागली. 2009 च्या कायद्याने चित्राच्या पुनर्विक्रीतले पाच टक्के कलाकाराला किंवा वारसांना देणे आले.

आता आपल्याकडे या. केलपाणी, गुल्लरघाट, सोमठाणा ही गावे व्याघ्र प्रकल्पासाठी उठवली. नव्या जागी कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत म्हणून लोक पुन्हा जंगलात गेले आणि जानेवारी 2019 मध्ये तिथे पोलीस व वनखात्याशी संघर्ष झाला. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, हक्कांचा निवाडा आणि ग्रामसभेची लेखी संमती झाल्याशिवाय उठवता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे करायचा. 2008 च्या नियमांत वडीलधाऱ्यांचे जबाब आणि देवस्थाने, दफनभूमी हाही पुरावा धरला आहे. त्या बाईला मी गाण्याचा अर्थ विचारला होता. सुटलेल्या गावचा ओढा, देवाची जागा, आंब्याची झाडे. मंडपात ते स्वागतगीत होते! आपल्यापैकी कुणी ते आजवर लिहून घेतले आहे का?

महोत्सवांच्या पत्रिका दिवाळीनंतर छापायला जातात. त्याआधी आयोजकांना भेटायचे: प्रत्येकीचे नाव आणि गाव छापा, मानधन तिच्या हातात द्या, उभे राहण्याची वेळ ठरवा. नाव छापावे की नाही हे मात्र तिला विचारून. अकोटच्या बैठकीला येताना वही आणा, आणि जमले तर गावातली एखादी जाणती म्हातारीही.