सायटेशनची गुणवत्ता आणि शहापूरची मुलगी

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी काढलेली 'जगातील दोन टक्के शास्त्रज्ञां'ची यादी आली की आपल्याकडची विद्यापीठे त्यातली नावे शोधून फलक लावतात. ही यादी सायटेशनवर, म्हणजे तुमच्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर संशोधकांनी किती वेळा केला यावर ठरते. २००५ मध्ये जॉर्ज हर्श यांनी यासाठी एच-इंडेक्स सुचवला. ज्याच्या वीस निबंधांना प्रत्येकी किमान वीस उल्लेख मिळाले, त्याचा इंडेक्स वीस. मोजणीला आमचा विरोध नाही. पण हाच आकडा 'गुणवत्ता' म्हणून आरक्षणाच्या आडवा घातला जातो, तेव्हा तो कशातून तयार होतो हे पाहिलेच पाहिजे.

बेन फेरिंगा यांचे उदाहरण घेऊ. नेदरलँड्सच्या सीमेवरील खेड्यातल्या शेतकऱ्याच्या दहा मुलांपैकी हे दुसरे. ग्रोनिंगेनच्या सरकारी विद्यापीठातून १९७८ मध्ये पीएच.डी., मग शेल कंपनीची प्रयोगशाळा, १९८४ मध्ये पुन्हा विद्यापीठात, १९८८ मध्ये प्राध्यापक. प्रकाश पडताच आकार बदलणारे रेणू हा त्यांचा विषय. असा रेणू आपल्या डोळ्यातही आहे. उजेड पडला की रेटिनलचा वाकलेला सांगाडा सरळ होतो आणि तेथून दिसण्याची क्रिया सुरू होते. फेरिंगांनी १९९९ मध्ये प्रकाशावर एकाच दिशेने सतत फिरणारी रेणूची मोटार बनवली. प्रकाशाने रेणूचा अर्धा भाग फिरतो, उष्णतेने तो पुढे सरकून अडकतो म्हणून मागे येत नाही. पुन्हा प्रकाश, पुन्हा उष्णता, आणि एक फेरा पूर्ण. २०१४ मध्ये अशी मोटार सेकंदाला एक कोटी वीस लाख फेरे घेऊ लागली. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना सोव्हाज व स्टॉडार्ट यांच्यासह मिळाले.

विद्यापीठात परतल्यापासून मोटारीपर्यंत पंधरा वर्षे, नोबेलपर्यंत बत्तीस! फेरिंगांची बुद्धी कोण नाकारील? पण शेतकऱ्याच्या या मुलाला बत्तीस वर्षे प्रयोगशाळा, उपकरणे आणि पगार मिळत राहिला. सायटेशन त्यानंतरचे.

आता नागपूर-भंडारा रस्त्यावरच्या शहापूरला येऊ. येथे खासगी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. या धानपट्ट्यातल्या एखाद्या मजुराच्या मुलीला याच रेणूंवर काम करायचे आहे असे समजा. आधी तिला फेरिंगांचे निबंध वाचावे लागतील. केंद्र सरकारने १ जानेवारी २०२५ पासून 'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजना आणली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले आणि हजारो महागडी नियतकालिके खुली केली. चांगलेच केले. पण पहिला टप्पा सरकारी संस्थांसाठी. आपली मुले मोठ्या संख्येने ज्या खासगी महाविद्यालयांत शिकतात, ती दाराबाहेर! जिला निबंध वाचायलाच मिळत नाही, तिने जगात उल्लेख होईल असा निबंध लिहावा, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची?

समजा तिने तेही केले. पुढे फेलोशिप. २०२३ मध्ये बार्टीच्या संशोधक विद्यार्थ्यांना फेलोशिपसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर बसावे लागले. फेरिंगांना नोबेल जाहीर झाले त्याच २०१६ च्या जानेवारीत हैदराबाद विद्यापीठाचा रोहित वेमुला गेला. त्याला विज्ञानलेखक व्हायचे होते आणि शेवटच्या पत्रात त्याने सात महिन्यांच्या थकीत फेलोशिपचा हिशेब लिहिला होता. हा हिशेब कोणत्या इंडेक्समध्ये बसतो?

यातूनही कोणी वर आलाच, तर पुढे २०१९ चा कायदा आहे. केंद्रीय शैक्षणिक संस्थांतील शिक्षकांच्या आरक्षणासाठी केलेल्या या कायद्यातून टाटा मूलभूत संशोधन संस्था, होमी भाभा राष्ट्रीय संस्था अशा 'उत्कृष्ट' संस्था वगळल्या आहेत. म्हणजे जेथे यंत्रे, पैसा आणि सायटेशन सर्वाधिक, नेमकी तेथेच आमची जागा राखीव नाही. आणि मग हेच विचारणार, तुमचे शास्त्रज्ञ यादीत का नाहीत?

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. आधी शिष्यवृत्ती आली, 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' दहा वर्षांनी. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत त्यांना दिल्लीला पाठवले नाही, त्या भंडाऱ्याच्या आजच्या खासदार-आमदारांना आमचे विचारणे आहे : शहापूरसारख्या महाविद्यालयांना सदस्यता योजनेत कधी घेणार, फेलोशिप दरमहा ठरल्या तारखेला कधी मिळणार आणि २०१९ च्या कायद्यातील ती वगळणूक रद्द करण्यासाठी सभागृहात कोण उभे राहणार?